‘माणसाची माणसाला हाक’: शिलोहाच्या भुयारावरील कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२४

यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळातील यरुशलेमेवर कादंबरी लिहायची हे गेल्या वर्षीच ठरले होते, पण ती हिज्कीयाची कादंबरी नसावी हे आज पक्के झाले. ज्या कामामुळे वेढा पडलेल्या नगराला पाणी मिळाले त्याविषयी पवित्र शास्त्र फार थोडे सांगते. २ राजे २०:२० मध्ये राजाने तळे आणि पाण्याची वाट करून नगरात पाणी आणल्याचा उल्लेख आहे, तर २ इतिहास ३२:३० मध्ये गीहोन झऱ्याचे वरचे तोंड बंद करून ते पाणी दाविदाच्या नगराच्या पश्चिम बाजूस खाली नेल्याचे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी कर्ता राजा आहे, आणि राजाने हातात टिकाव धरला नसणार हे उघड आहे.

टिकाव ज्यांच्या हातात होता त्यांचे म्हणणे मात्र गीहोनचे पाणी शिलोहाच्या तळ्यात नेणाऱ्या त्या भुयारातच कोरून ठेवलेले होते. भुयाराच्या दक्षिण तोंडापासून आत काही मीटरवरचा तो सहा ओळींचा शिलालेख १८८० साली पाण्यातून चालणाऱ्या एका शाळकरी मुलाच्या नजरेस पडला. पुढे दहा-अकरा वर्षांनी कोणीतरी तो चोरून भिंतीतून कापून काढला, त्यात त्याचे तुकडे झाले, आणि आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात म्हटले आहे की तीन हात खडक उरला असताना एका माणसाने आपल्या सोबत्याला मारलेली हाक ऐकू आली, आरपार होण्याच्या दिवशी खोदणाऱ्यांनी समोरासमोर टिकावावर टिकाव चालवले, मग झऱ्यापासून तळ्यापर्यंत बाराशे हात पाणी वाहिले, आणि खोदणाऱ्यांच्या डोक्यावर शंभर हात खडक होता. राजाचे नाव नाही, साल नाही, परमेश्वराचेही नाव नाही. लेखासाठी घासून तयार केलेल्या चौकटीचा वरचा भाग तर चक्क कोराच सोडलेला आहे.

कादंबरीचे तात्पुरते नाव ‘हाक’ असे ठेवले आहे. ज्याने हाक मारली तो कोण आणि ज्याने ऐकली तो कोण, या दोनच प्रश्नांवर ती उभी राहील.

२१ जानेवारी २०२४

आजचा दिवस मापांत गेला. भुयाराची लांबी ५३३ मीटर आहे, पण दोन टोकांमधले सरळ अंतर सुमारे ३२० मीटरच भरते, म्हणजे खोदणारे नागमोडी गेले. शिलालेखातल्या बाराशे हातांनी ५३३ मीटरला भागले की एक हात साधारण ४४ सेंटिमीटरचा येतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात मोजला तेव्हा ४३ भरला. ज्या माणसांनी हे आकडे कोरले त्यांनी ते ऐकीव सांगितलेले नाहीत एवढा विश्वास या एका सेंटिमीटरने दिला.

दोन टोकांमधला उतार जेमतेम ३० सेंटिमीटरचा आहे, म्हणजे दर मीटरला अर्ध्या मिलीमीटरहून किंचित जास्त. यशया ८:६ मध्ये शिलोहाच्या संथ वाहणाऱ्या पाण्याचा उल्लेख येतो आणि मोह असा होतो की तो या भुयारालाच लावावा, पण ते वचन हिज्कीयाचा बाप आहाज याच्या काळातले असल्याने त्यातले पाणी जुन्या पाटाचे असले पाहिजे. हा दुवा कितीही गोड असला तरी तो कादंबरीत कोणा पात्राच्या तोंडी घालायचा नाही, असे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले.

रुंदीचा प्रश्न अधिक कामाचा निघाला. बहुतेक ठिकाणी भुयार साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद आहे. घरातल्या बोळात दोन कपाटे तेवढ्या अंतरावर समोरासमोर उभी केली आणि मध्ये उभे राहून हातोडा फिरवून पाहिला. कडेला हात फिरवताच येत नाही, घाव फक्त समोर घालता येतो, आणि मागे दुसरा माणूस उभा असेल तर आपले कोपर त्याच्या छातीला लागते. तोंडाशी एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, बाकीचे मागे रांगेत उभे राहून चुरा पाट्यांमधून बाहेर काढतात. पहिल्या खर्ड्यात मी सहा गडी एकत्र खडक फोडताना दाखवले होते. तो प्रसंग गेला, आणि त्याबरोबर त्यांचे गाणेही गेले, ज्याचे मला थोडे वाईट वाटले. मग तिथेच पणती लावून पाहिली. ती उजवीकडे ठेवली की आपल्याच हाताची सावली नेमकी घावाच्या जागी पडते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा दिवा त्यामुळे डावीकडे आणि किंचित पुढे असणार. यहूदी घरांतले त्या काळचे दिवेही पणतीसारखेच, कड चिमटून वातीला जागा केलेले असत आणि त्यांत जैतुनाचे तेल जळे, त्यामुळे ‘पणती’ हा शब्द मी निःशंकपणे वापरणार आहे.

५ फेब्रुवारी २०२४

शब्दांचा घोळ संपवणे भाग होते. ‘बोगदा’ म्हटले की मराठी वाचकाला बोरघाट आणि आगगाडीची शिट्टी आठवते. ‘सुरुंग’ हा शब्द मुळात भुयाराचाच, पण आता त्याला दारूचा वास येतो आणि दारू या कथेनंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळाने आली. ‘नहर’ म्हणावे तर मलिक अंबरचे औरंगाबाद उभे राहते. ‘नळ’ हा शब्द पुण्यात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणलेल्या पेशवेकालीन बांधीव वाटेला लावला जाई, त्यामुळे तो अर्थाने अगदी अचूक आहे, पण आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे महापालिकेची तोटी येते.

शेवटी असे ठरवले की पाणी येईपर्यंत पात्रे त्याला ‘भुयार’ म्हणतील आणि पाणी वाहिल्यानंतर ‘नळ’. वाचकाला हे सांगायचे नाही. कात्रजच्या नळाचा विचार करताना ‘उच्छ्वास’ हा सुंदर शब्दही हाती आला होता. नळाच्या वाटेवर हवा आणि माणसे आत जाण्यासाठी बांधलेले ते उंच मनोरे पुणेकरांना ठाऊक आहेत. शिलोहाच्या भुयाराला मधल्या लांब भागात असे उच्छ्वास नाहीत, आणि तोंडाशी काम करणाऱ्याला धूर, घाम आणि मागच्या माणसाचा श्वास एवढीच हवा मिळत असणार. शब्द वापरता येणार नाही, पण त्याचा अभाव प्रकरण ४ मध्ये आला पाहिजे.

हत्यारांची यादी अशी: टिकाव, पहार, छिन्नी, घण. सगळी लोखंडाची. कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथात (४८:१७) हिज्कीयाने लोखंडाने खडक फोडून पाणी आणल्याचे म्हटले आहे. आम्हां प्रॉटेस्टंट घरांतल्या बायबलात हा ग्रंथ नसल्याने हे वचन मला वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीतच नव्हते, आणि ते वसईच्या एका मैत्रिणीने दाखवले. चुरा वाहायला घमेले नाही, वेताची पाटी.

२ मार्च २०२४

कालक्रम. असिरियाचा सार्गोन इ. स. पू. ७०५ मध्ये रणात मारला गेला, त्यानंतर अंकित राजांनी खंडणी थांबवली आणि हिज्कीयाही त्यांत सामील झाला. सार्गोनचा मुलगा सन्हेरीब चालून आला तो ७०१ मध्ये. भुयार केव्हा खोदले यावर अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही, पण भुयाराच्या गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या अवशेषांची आणि छतावर साचलेल्या चुनखडीची तपासणी करून २००३ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो याच काळाच्या आसपासचा आहे. तोंडाशी एकच माणूस काम करत असेल तर हे काम शत्रू दिसू लागल्यावर सुरू करून वेळेत संपणारे नाही. म्हणून कादंबरीत खोदाई ७०५ च्या हिवाळ्यात सुरू होते आणि चार वर्षे चालते. ही माझी निवड आहे आणि पुस्तकाच्या शेवटच्या टिपेत तसे स्पष्ट लिहीन.

१६ मार्च २०२४

मामाच्या गावी, नगर जिल्ह्यात, दोन दिवस राहून आले. गावात विहिरी खोदण्यात आयुष्य घालवलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. मी शाळेत शिकवत होते हे ठाऊक असल्याने ते मला ‘बाई’ म्हणतात आणि मी त्यांना ‘बाबा’ म्हणते. त्यांना भुयाराचा नकाशा दाखवला आणि विचारले की दोन टोकांकडून खोदत येणाऱ्या माणसांना एकमेकांचे घाव ऐकू आले असतील का.

माझ्या मनात चित्र असे होते की खडकातून आवाज येतो, माणूस त्या दिशेने वळतो आणि भेट होते. बाबांनी ते एका वाक्यात मोडले. “बाई, आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही; दगडात आवाज चारी अंगांनी येतो.” मग त्यांनी मला एका पडीक विहिरीच्या पायऱ्या उतरायला लावल्या, कपारीला कान लावून उभे केले आणि स्वतः वर जाऊन पलीकडच्या बाजूला पहार आपटली. घाव स्पष्ट ऐकू आला, पण तो डावीकडून आला असे मी शपथेवर सांगितले असते आणि ते उजवीकडे होते. परत आल्यावर ते म्हणाले की कोरडा दगड खणखणतो आणि पाझराजवळचा दगड बद्द वाजतो, एवढा भेद कानाला कळतो, दिशा कळत नाही. दिशा कळायला हात चुकावा लागतो.

नकाशावर हेच दिसते. भेटीच्या जागेजवळ भुयार उगाच वळवळते आणि बाजूला थोडे कोरून सोडून दिलेल्या जागा आहेत. छिन्नीच्या खुणाही दोन्ही बाजूंनी समोरासमोर येणाऱ्या आहेत. आतापर्यंत मी या चुकीच्या जागा कथेतून गाळत होते, कारण त्या गौरवशाली वाटत नव्हत्या. आता त्याच जागा शेवटच्या तीन प्रकरणांचा कणा होतील. हाक ऐकू आल्यानंतरही ते दोघे चुकतात.

बाबांनी निघताना विचारले की त्या लोकांना मजुरी मिळाली का. शास्त्रात आणि शिलालेखात याचे उत्तर नाही, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

२० एप्रिल २०२४

यशया २२ पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि कादंबरी मुळातून हलते आहे. संदेष्टा नगराला म्हणतो की तुम्ही दावीदनगराची भगदाडे पाहिलीत, खालच्या तळ्याचे पाणी साठवलेत, यरुशलेमेची घरे मोजलीत आणि तट मजबूत करायला घरे पाडलीत, दोन तटांच्या मध्ये जुन्या तळ्याच्या पाण्यासाठी हौद केलात. पण ज्याने हे सारे घडवले त्याच्याकडे तुम्ही पाहिले नाही.

घरे पाडल्याचे वचन अलंकारिक नाही. जुन्या यरुशलेमेतल्या ज्यू वस्तीत १९७० च्या दशकात उत्खननात सापडलेला सुमारे ७ मीटर जाडीचा तट आजही पाहता येतो आणि तो पाडलेल्या घरांच्या अवशेषांवरून गेलेला आहे. कोणाच्या तरी स्वयंपाकघरावरून तो तट गेला. यशयाने हे पाहिले असेल आणि तरी त्याचा आक्षेप तटावर नाही, तटाकडे पाहून निश्चिंत होणाऱ्या नजरेवर आहे.

आता प्रश्न असा की ज्या माणसाने चार वर्षे चुरा गिळला त्याने हे ऐकले तर त्याला काय वाटेल. ख्रिस्ती ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यांची, माझ्यासकट, एक सवय आहे की नायक आणि संदेष्टा एकाच बाजूला उभे करायचे. त्यात वाचक सुखावतो. इथे मात्र नायकाचे काम प्रामाणिक आहे, गरजेचे आहे, आणि देवाचा माणूस त्या कामाच्या उत्सवात सामील व्हायला नकार देतो. हा नकार मला पातळ करता येणार नाही. यशया मागाहून येऊन नायकाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि समजूत काढतो असा एक प्रसंग जानेवारीतच लिहून झाला होता, चांगला उतरलाही होता. आज तो खोडला. यशया नायकाशी एकदाही बोलणार नाही. नायक त्याला गर्दीतून ऐकेल, अर्धेच ऐकेल, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पणती घेऊन पुन्हा आत जाईल, कारण पाणी तर आणायचेच आहे.

११ मे २०२४

त्याच अध्यायात राजवाड्याचा कारभारी शेबना याला यशयाने खडसावले आहे: इथे तुझे कोण आहे म्हणून तू उंचावर खडकात स्वतःसाठी कबर कोरून घेतलीस? किद्रोन खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावर, आजच्या सिलवान गावात, अशी एक खडकात कोरलेली कबर आहे. तिच्या दारावरचा लेख १८७० साली नोंदला गेला, त्याचे वाचन १९५३ मध्ये झाले आणि तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मालकाच्या नावाचा शेवटच फक्त उरला आहे, त्याची पदवी मात्र ‘घरावर असलेला’ अशी शेबनाचीच आहे. लेख बजावतो की इथे सोने-चांदी नाही, केवळ त्याची आणि त्याच्या दासीची हाडे आहेत, आणि जो हे उघडील तो शापित असो. कबर शेबनाचीच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, म्हणून कादंबरीतही मालकाचे नाव घेणार नाही. पण समोरच्या उतारावर ज्या हातांनी बड्या माणसाची कबर कोरली तेच हात भुयारात आणले जातील, कारण नगरात खडक कापणारे कारागीर असे किती असणार? दक्षिणेकडून खोदणारा गडी यातून मिळाला. तो यरुशलेमेचा, कसबी आणि घमेंडखोर आहे.

१५ जून २०२४

उत्तरेकडून, म्हणजे गीहोनच्या बाजूने खोदणारा शल्लूम हा उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन असिरियाच्या हाती पडल्यावर दक्षिणेत आलेला निर्वासित आहे. त्या पाडावानंतरच्या दशकांत यरुशलेम पश्चिमेकडच्या टेकडीवर झपाट्याने पसरले, आणि त्यात उत्तरेकडून आलेल्यांचा वाटा होता असे बरेच अभ्यासक मानतात. काहींनी तर शिलालेखाच्या भाषेतच उत्तरेकडच्या बोलीचे अंश दाखवले आहेत. खडकातून आलेली हाक परक्या बोलीतली होती, ही कल्पना मला तिथून सुचली आणि तेव्हापासून मी तिच्यामागे आहे.

अडचण मराठीची आहे. शल्लूमला वऱ्हाडी बोलायला लावले तर तो थेट अमरावतीचा होतो, अहिराणी दिली तर धुळ्याचा, आणि वाचक यरुशलेमेतून बाहेर पडतो. दोन आठवडे मी ‘ण’ आणि ‘न’ यांच्याशी खेळले. यरुशलेमेचे लोक ‘पाणी’ म्हणतील आणि शल्लूम ‘पानी’ म्हणेल. परिणाम तीव्र होता, कारण या एका अक्षरावरून वर्गात हसण्याचा आणि हसू सहन करण्याचा अनुभव महाराष्ट्रात पिढ्यांचा आहे, आणि शिक्षिका म्हणून मी स्वतः मुलांचे ‘पानी’ लाल शाईने दुरुस्त केले आहे. पण नेमकी तीच गोष्ट खटकली. हा दंश आपल्या इथला आहे, तो शोमरोनच्या माणसाला उसना दिल्यासारखे झाले.

काल रात्री शास्ते १२:६ उघडले आणि स्वतःवरच हसू आले. यार्देनेच्या उतारावर एफ्राइमी (उत्तरेकडच्या वंशातल्या) माणसाला ओळखण्यासाठी त्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला सांगत, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि मारला जाई. श आणि स. हा भेद शास्त्रातलाच आहे, एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखाचा आहे, आणि मराठी कानालाही तो तितकाच झोंबतो. त्या प्रसंगानंतर तीन-चार शतकांनी उच्चार तसाच राहिला असेल का, हे मी गृहीत धरते आहे आणि टिपेत तेही लिहीन. शल्लूमला स्वतःचे नाव धड उच्चारता येत नाही. वेशीवरचा कारकून विचारतो तेव्हा तो ‘सल्लूम’ म्हणतो, आणि ज्या तळ्यासाठी तो चार वर्षे खोदतो त्याला ‘सिलोह’ म्हणतो. बाकी त्याची भाषा इतर सर्वांसारखीच प्रमाण राहील. एवढा एकच धागा पुरे.

६ जुलै २०२४

२ राजे १८ मधला, तटापुढे आलेला असिरियाचा सरदार रब-शाके याचा प्रसंग लिहिताना पुन्हा भाषाच आडवी आली. हिज्कीयाचे अधिकारी एल्याकीम, शेबना आणि यवाह त्याला विनवतात की आमच्याशी अरामी भाषेत बोल, आम्हाला ती समजते. तटावरच्या लोकांच्या कानांवर पडेल अशा यहूदी भाषेत बोलू नकोस. तो उत्तर देतो की मला याच लोकांशी बोलायचे आहे, आणि मग वेढ्यात काय खावे-प्यावे लागेल ते तो अशा उघड शब्दांत सांगतो की रविवारच्या शाळेत तो श्लोक कोणी वाचून घेत नाही.

अरामी ही दरबारी व्यवहाराची भाषा असल्याने ती फारसीप्रचुर बखरी मराठीत लिहून पाहिली. चार ओळींत रब-शाके पुरंदरच्या पायथ्याशी आलेला मिर्झाराजे वाटू लागला आणि एल्याकीम तहाची कलमे मागू लागला. तो खर्डा मैत्रिणीला वाचून दाखवला, दोघी पोटभर हसलो आणि फाडला.

उपाय साधा निघाला: प्रसंग तटावरून सांगायचा. शल्लूमला अधिकाऱ्यांचे अरामी बोलणे कळतच नाही, त्याला फक्त त्यांचे दबलेले आवाज आणि हातवारे दिसतात; मग अचानक शत्रूचा माणूस शल्लूमच्या समजेल अशा भाषेत मोठ्याने बोलू लागतो. भीती शत्रूच्या परकेपणाची नाही, त्याने आपली बोली शिकून घेतली आहे याची आहे. आणि मग शास्त्रात आहे तसेच: लोक गप्प राहिले, कारण उत्तर देऊ नका अशी राजाची आज्ञा होती.

३ ऑगस्ट २०२४

यहूदातल्या लाखीश नगराचा पाडाव निनवेतल्या सन्हेरीबच्या महालात पाषाणपटांवर कोरलेला होता; ते पट आता लंडनमध्ये आहेत. त्यांची छायाचित्रे दिवसभर पाहिली. एका पटात बैलगाडीवर बोचक्यांसह बायका-मुले बसली आहेत आणि पुढे पुरुष चालत आहेत. बैलाच्या बरगड्या मोजता येतात इतके ते काम बारीक आहे. कोरणाऱ्याला ते बैल कणवेने कोरावेसे वाटले की केवळ हाताची सवय, ते सांगता येत नाही. सन्हेरीबच्या वृत्तान्तात ४६ तटबंद नगरे घेतल्याचा आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडल्याचा दावा आहे. खंडणीचे सोने दोन्हीकडे ३० किक्कार (त्या काळचे एक मोठे वजन) आहे, चांदी मात्र शास्त्रात ३०० आणि असिरियाच्या हिशोबात ८००. हा फरक कादंबरीत कारकुनांच्या भांडणात दोन ओळींत येईल. त्याहून जास्त जागा त्याला नको.

३१ ऑगस्ट २०२४

२ राजे १९:३५. परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत असिरियाच्या छावणीतील एक लाख पंच्याऐंशी हजार माणसे मारली. लिहिणाऱ्यासमोर दोन सोपे रस्ते आहेत. एकतर पंखांचा फडफडाट आणि उजेड दाखवायचा, नाहीतर रोगाची साथ दाखवून वाचकाला सुटका द्यायची. हेरोडोटसने तर मिसरातल्या सन्हेरीबच्या स्वारीत उंदरांनी धनुष्ये आणि भाते कुरतडल्याची कथा दिली आहे आणि कित्येक लेखकांनी ती इथे आणून जोडली आहे. माझा विश्वास वचनावर आहे, पण विश्वास असणे आणि ते डोळ्यांनी पाहिल्यासारखे वर्णन करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्राने ते एका वाक्यात सांगितले, मी दोन वाक्ये खर्च करू नयेत.

त्या रात्री शल्लूम तळ्याच्या काठी पहाऱ्यावर आहे. तो पाण्याची पातळी मोजतो. गीहोन हा एकसारखा वाहणारा झरा नाही, तो उसळ्या घेत वाहतो, म्हणून तळ्यातले पाणी चढते आणि थांबते, चढते आणि थांबते. पहाटे त्याच्या लक्षात येते की तटाबाहेरून उंटांचा, घोड्यांचा आणि पहारेकऱ्यांच्या हाकांचा जो आवाज रोज येई तो आज येत नाही. प्रकरण तिथे थांबते.

९ ऑक्टोबर २०२४

भेटीचे प्रकरण सहाव्यांदा लिहिले. आधीच्या पाचांत भिंत फुटली की मिठी, अश्रू आणि स्तोत्र होते. बाबांची विहीर आठवून ते सारे काढले. शेवटी असे उतरले आहे:

“तीन हात खडक उरला होता हे कोणालाच ठाऊक नव्हते; ते मागाहून मोजले गेले. शल्लूम घाव घालायचा थांबला होता, कारण पणतीतले तेल संपत आले होते आणि मागची पाटी आली नव्हती. तेव्हा त्याने माणसाचा आवाज ऐकला. शब्द कळले नाहीत. त्याने खडकाला तोंड लावले आणि त्याला जो एकच शब्द सुचला तो ओरडला: सिलोह! पलीकडे बराच वेळ काही झाले नाही. मग कोणीतरी हसले. चार वर्षांत त्या हसण्याने तो दर वेळी गप्प झाला होता. आज त्याने उजवीकडे छिन्नी लावली.”

आणि उजवी बाजू चूक निघते. आणखी दोन दिवस ते एकमेकांच्या कडेने खोदत राहतात, मध्ये शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, येतो, दोन्हीकडचे काम थांबते, आणि त्या दिवशी तो हसणारा कबरकोऱ्या नगरात फिरून ‘सिलोह’ म्हणणारा माणूस शोधतो. त्यांची पहिली भेट अशा रीतीने भुयारात न होता पाणवठ्याच्या रांगेत होते. शिलालेखातल्या क्रमाला त्यामुळे धक्का लागत नाही, कारण हाक आणि आरपार होण्याचा दिवस यांत किती अंतर होते हे शिलालेख सांगत नाही.

कोऱ्या चौकटीचा प्रश्नही मिटला. तिथे राजाचे नाव यायचे होते आणि आले नाही, याचे स्पष्टीकरण कादंबरी देणार नाही. कबरकोऱ्या सहा ओळी कोरून खाली उतरतो आणि छिन्नी धुतो.

२३ नोव्हेंबर २०२४

मुद्रितशोधन होऊन हस्तलिखित परत आले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नेमक्या काढल्या आहेत आणि त्याबद्दल मी ऋणी आहे, पण शोधकांनी शल्लूमच्या तोंडचा प्रत्येक ‘सिलोह’ अशुद्ध समजून ‘शिलोह’ केला आहे आणि प्रत्येक ‘सल्लूम’ही सुधारला आहे. खडकाला तोंड लावून मारलेली हाकदेखील शुद्ध झाली आहे, त्यामुळे पलीकडचा माणूस कशाला हसतो तेच कळत नाही. दोष माझा आहे, सोबतच्या पत्रात हे लिहायला हवे होते. शाळेत मीही हेच केले असते.

दुपारभर बसून एकेक जागा पूर्ववत केली. एकूण ४१ जागा होत्या. उपसंहारात, हिज्कीयाचा मुलगा मनश्शे याच्या राज्यात, म्हातारा शल्लूम नातवाला बोट धरून पाण्याकडे नेतो आणि त्याला जागेचे नाव सांगतो. तिथेही शोधकांनी ‘शिलोह’ केले होते. पेन्सिल टेकवली आणि थांबले. तो आता तीस वर्षे या नगरात राहिला आहे, त्याची सून इथली आहे, नातू इथे जन्मला आहे. त्या जागी दुरुस्ती तशीच ठेवली, आणि चाळीस जागांची यादी करून पत्रासोबत जोडली.